ब्लोअर बेंटली हवी आहे? तीन वाटा आणि प्रत्येकीचा हिशेब

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, म्हणून त्यालाही ब्लोअर म्हणतात. तो बसवलेल्या साडेचार लिटरच्या बेंटली, म्हणजेच ‘ब्लोअर’, एकूण बनल्या ५५. शर्यतपटू टिम बर्किनला ती ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवायची होती आणि नियमाप्रमाणे ५० गाड्या विक्रीसाठी बांधणं भाग होतं. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा सुपरचार्जिंगला विरोध होता, म्हणून पैसा श्रीमंत वारसदार डोरोथी पॅजेटने लावला. आज अस्सल ब्लोअर सहसा विकायला निघतच नाही. बर्किनच्या एका आसनाच्या ब्लोअरला २०१२ च्या लिलावात ५० लाख पौंडांहून जास्त मिळाले. मग उरतात तीन वाटा: कंपनीने नव्याने बांधलेली ‘कंटिन्युएशन’, जुन्या साध्या साडेचार लिटर बेंटलीवर ब्लोअर चढवलेली गाडी आणि विजेवरची ‘ब्लोअर ज्युनिअर’.

कंटिन्युएशन २०१९ मध्ये जाहीर झाली. बेंटलीने आपल्या संग्रहातली बर्किनच्या टीमची १९२९ ची गाडी सुटी करून प्रत्येक भाग लेझरने स्कॅन केला आणि ग्राहकांसाठी फक्त १२ गाड्या बांधल्या. त्याआधीच्या चाचणी गाडीवर, ‘कार झीरो’वर, सुमारे ४०,००० तास गेले. चेसिसचे रिव्हेट तापवून ठोकलेले आहेत, बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा आहे, रेडिएटरचं कवच निकेल-सिल्व्हरचं आहे आणि सीटमध्ये घोड्याचे केस भरले आहेत. इंजिन ४,३९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन प्लग. ताकद २४० अश्वशक्ती. सगळ्या १२ गाड्या केव्हाच विकल्या गेल्यामुळे आता घ्यायची ती दुसऱ्या हातातूनच.

नवी आहे म्हणून चालवायला सोपी असेल, या भ्रमात राहू नका. अ‍ॅक्सिलरेटर मधे, ब्रेक उजवीकडे. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी व्यवस्था, नाही. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनचे फेरे उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा क्लच आणि मग गिअर. खाली येताना न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर देऊन फेरे जुळवावे लागतात. घाई केली की दात करकरतात, आणि ते दात महाग आहेत. सुपरचार्जर रेडिएटरच्या पुढे लटकतो, त्यामुळे नाक जड होतं आणि वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते. ब्रेक ड्रमचे, तेही हायड्रॉलिक नसलेले. हे सगळं पहिल्या दोन्ही वाटांना सारखंच लागू आहे.

दुसरी वाट मला सर्वांत जिवंत वाटते, पण फसायला जागाही इथेच जास्त. ब्लोअर नसलेल्या साडेचार लिटरच्या ६६५ बेंटली बनल्या होत्या. त्यांपैकी एखादीवर तज्ज्ञ कार्यशाळा ब्लोअर चढवते. नुसता ब्लोअर बोल्टने लावून भागत नाही. तो क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून फिरतो, म्हणून अस्सल ब्लोअरमध्ये क्रँकशाफ्ट जास्त भक्कम, कनेक्टिंग रॉड मजबूत केलेले आणि तेलाची व्यवस्था बदललेली होती. ही कामं झाली की नाही, त्याची बिलं मागा. नसतील तर इंजिन उघडायचा खर्च धरूनच भाव करा.

या इंजिनात ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात असतात. व्हॉल्व्हचं साधं काम निघालं तरी अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. थंडीत पाणी गोठून वॉटर जॅकेटला (इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला) पडलेले तडे पुष्कळदा टाके घालून झाकलेले असतात, तेव्हा दाबाची चाचणी घेतल्याशिवाय सौदा करू नका. गरम इंजिन दहा मिनिटं आयडलवर ठेवून आठही प्लग काढा. ते तेलाने ओले निघाले तर सुपरचार्जरचं वंगण इनटेकमध्ये जात असू शकतं. चेसिस क्रमांकही पाहा: विक्रीसाठी बांधलेल्या ५० अस्सल ब्लोअरचा ‘एसएम’ किंवा ‘एमएस’ने सुरू होतो. रूपांतरित गाडीचा तसा नसणार आणि नसावाही. विक्रेता रूपांतर लपवत असेल तर तिथूनच परत फिरा.

ज्युनिअर हे वेगळंच प्रकरण आहे. ८५ टक्के आकाराची, ४८ व्होल्टची, १५ किलोवॉट मोटर असलेली ही गाडी ताशी सुमारे ७२ किलोमीटरपर्यंत जाते. दोघं एकामागे एक बसतात. लीफ स्प्रिंग खरे आहेत, सुपरचार्जर मात्र फक्त दिसायला. त्याच्या आत चार्जिंगचं सॉकेट आहे. मोठ्या इस्टेटीवर फिरायला छान आहे, पण ब्लोअरचा आवाज आणि ती झटापट हवी असणाऱ्याचं यावर समाधान होणार नाही.

मुंबई-पुण्यात ठेवायची असेल तर निर्णय इंजिनाआधी कागदावर ठरतो. भारतात २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्याने बांधलेली कंटिन्युएशन वयातच बाद होते. रूपांतरित गाडी वयात बसते, पण इंजिनातल्या बदलावर अडकू शकते. सरळ सुटते ती मूळ अवस्थेतली, बिनब्लोअरची साडेचार लिटर, आणि तिचाही रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं इतकंच. त्यात पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल: इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि कॉर्कची गॅस्केटं बिघडतात, हवा-पेट्रोलचं मिश्रणही पातळ होतं. पाइप इथेनॉल चालणारे घाला, एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या सुया जाड मिश्रणाच्या घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

म्हणून लंडन किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी माणसालाही माझं सांगणं हेच: कंटिन्युएशनसाठी पैसे देण्याआधी त्या देशात ती रस्त्यावर नोंदवता येते का, याचं लेखी उत्तर घ्या. मिळालं नाही तर तोच पैसा जुन्या चेसिसवरच्या, कामाची पूर्ण फाइल असलेल्या गाडीत घाला.