जबड्याचं जुनं दुखणं: इंजेक्शन घ्यावं की फिजिओथेरपी?

गालातल्या चावण्याच्या स्नायूत घट्ट गाठ धरली, की तिची कळ दाढेत जाते. त्यामुळे धडधाकट दाढेचं रूट कॅनल होतं आणि दुखणं तसंच राहतं. अशा वेळी ‘ट्रिगर पॉइंट इंजेक्शन’ सुचवलं गेलं असेल, तर आधी दोन्ही वाटा नीट बघा.

इंजेक्शनमध्ये गाठीत बारीक सुईने थोडं लिग्नोकेन हे भुलीचं औषध सोडतात. काही मिनिटांचं काम, आणि बऱ्याच जणांचं तोंड लगेच मोकळं उघडतं. पण भूल काही तासांत उतरते. पुढचा आराम कुणाला चार दिवस, कुणाला कितीतरी आठवडे. औषधाशिवाय नुसती सुई टोचली तरी फरक बराचसा तेवढाच पडतो, फक्त नंतरचा ठणका जास्त. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. चेहऱ्याच्या नसेला भूल लागली तर पापणी काही वेळ मिटत नाही. घाबरू नका, ते ओसरतं.

बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, पण ते महाग आहे आणि चावण्याची ताकदही घटते. सुरुवातीलाच ते नकोच.

फिजिओथेरपिस्ट बाहेरून आणि हातमोजा घालून तोंडातूनही गाठ दाबतात, जबड्याचे व्यायाम शिकवतात. यात आठवडे जातात, घरी रोज नेटाने करावं लागतं. तरीही माझा कौल इकडेच. 2023 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने जुन्या जबडेदुखीसाठी हाताने गाठी सोडवणं आणि देखरेखीखालचे व्यायाम यांची ठाम शिफारस केली, ट्रिगर पॉइंट इंजेक्शन, बोटॉक्स आणि रात्री दातांवर घालायचा गार्ड यांना मात्र ‘शक्यतो नको’ म्हटलं. तोंड दोन बोटंही उघडत नसेल आणि व्यायामच जमत नसेल, तर सुई जरूर घ्या, आणि भूल आहे तोवर डॉक्टरांना विचारून जबडा हलकेच ताणून घ्या.

नेरुळ, बेलापूर, खारघरला डेंटल कॉलेजं आहेत. तिथल्या ओपीडीत ओरल मेडिसिन, म्हणजे तोंड-जबड्याच्या दुखण्यांचा विभाग विचारा. ठाण्याहून नेरुळला थेट लोकल आहे.

विजेच्या झटक्यासारखी क्षणभराची कळ येत असेल तर ते नसेचं दुखणं असू शकतं, त्याचे उपचार वेगळे. पन्नाशीनंतर कानशील हुळहुळं झालं, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधूक होते, असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.