३१६एलच्या पैशात ३०४ची टाकी

बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) लगद्याच्या प्लँटसाठी भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून टाकी करून घेतली. ब्लीचिंगनंतरचं धुण्याचं पाणी साठवायचं होतं: कोमट, आम्लधर्मी, क्लोराइड असलेलं. ऑर्डरवर स्वच्छ लिहिलं होतं, ६ मिमी ३१६एल, म्हणजे मॉलिब्डेनम असलेलं स्टेनलेस स्टील. पैसेही त्याचेच घेतले. पहिल्याच हंगामात तळाशी, लगदा साचतो तिथे आणि वेल्डच्या कडेला काळे ठिपके दिसले. वर टाचणीच्या टोकाएवढं तोंड, आत मात्र पत्रा पोखरलेला. पीएमआय गन (धातूतले घटक जागीच मोजणारं एक्स-रे यंत्र) लावली तर निकेल ८.१ टक्के, मॉलिब्डेनम ०.२. म्हणजे सरळसरळ ३०४, साधं स्टेनलेस. ३१६एलमध्ये निकेल १० ते १४ आणि मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के हवं. ३०४पेक्षा ३१६एल क्लोराइडचं पिटिंग (असं बारीक भोकांनी पोखरणं) जास्त रोखतं ते मुख्यतः मॉलिब्डेनममुळे, आणि महागही तेच असतं. लबाडी तिथेच होते.

कागद मात्र चोख होते. मिल सर्टिफिकेट (स्टील कारखान्याचा दाखला) खरं, पण त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक, टाकीच्या एकाही पत्र्यावर नव्हता. लॅबचा रिपोर्टही खरा. फक्त त्यात बारीक अक्षरात ‘ग्राहकाने दिलेला नमुना’ असं होतं. ती पट्टी दुसऱ्याच पत्र्याची. सगळ्यात संताप येतो तो मॅनहोलजवळच्या एका पत्र्याचा. माणूस जिथे हमखास तपासतो, तेवढाच खरा ३१६एल!

डिलिव्हरीला ‘चुंबक चिकटत नाही, बघा’ असं दाखवतात. त्यावर मुळीच जाऊ नका. ३०४, ३१६ किंवा २०२, जे४ हे कमी निकेलचे स्वस्त प्रकार, यांपैकी कुठल्याच सपाट पत्र्याला चुंबक धड चिकटत नाही. उलट ३१६एलपेक्षा सरस असलेल्या २२०५ डुप्लेक्स या स्टेनलेसला तो चिकटतो.

ऑर्डरमध्येच लिहून घ्या: ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे प्रकार ३.१चं तपासणी सर्टिफिकेट, कटिंगआधी पत्र्यावर आखलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर पंच करणं, आणि पीएमआय आपल्या माणसासमोर. पत्र्यांबरोबर नोझल, फ्लँज, आतल्या पट्ट्या आणि वेल्डसुद्धा तपासा. पत्रा खरा ३१६एल असला तरी ईआर३०८एल ही ३०४साठीची वेल्डिंगची तार वापरली, तर वेल्डमध्ये मॉलिब्डेनम फारच कमी राहतं आणि तीच रेघ आधी पोखरली जाते. गन लावण्याआधी जागा घासून चकचकीत करा. मॉलिब्डेनम १.९५ आलं तर लगेच भांडू नका. मिल बहुतेक २च्या काठावरच माल काढतात आणि गनचीही थोडी चूक असते. एक्स-रे गनला कार्बन दिसत नाही. ‘एल’ (कमी कार्बन) खरा की नाही, ते स्पार्क स्पेक्ट्रोमीटरसारख्या कार्बन मोजणाऱ्या यंत्रावर कळतं, कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत हवा.

टाकी आधीच आली असेल तर रिपेअर करण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तुकडा कापा, सही घेऊन सील करा. अर्धा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबला द्या आणि अर्धा आपल्याकडे ठेवा.