चार तारांचा जॅझ-पद्धतीचा बास: खान्देशच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वापरल्यानंतर

हा बास गिटार २० ते २५ हजारांच्या गटातला. पॉप्लरची बॉडी, मेपलचा नेक, २० फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), नटापाशी (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ३८ मिमी रुंदी, दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. बॅटरी नाही. फिंगरबोर्ड कंपन्या 'इंडियन लॉरेल' म्हणून विकतात त्या लाकडाचा, म्हणजे सातपुड्यात उभा असतो त्या ऐनाचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच साचा थोड्याफार फरकानं कितीतरी नावांनी मिळतो आणि खाली लिहिलेलं त्या सगळ्यांना लागू पडतं. जळगाव, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात लग्नसराई, कानबाई, गणपती, नवरात्र असं सगळं या बासवर वाजून झालंय. आवाजाबद्दल काहीच म्हणणं नाही. आपल्याकडे बास घेताना आवाजाआधी नेक बघावा आणि वाजवताना मांडवातलं अर्थिंग बघावं, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

आधी रचनेबद्दल थोडं. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला, १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा स्प्लिट कॉइल पिकअप दिला आणि १९६० मध्ये जॅझ बास काढला: नटाकडे निमुळता नेक, कंबरेत तिरकी बॉडी, दोन पिकअप. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह सर्किटचा बास मोठ्या प्रमाणावर बाजारात आला. ॲक्टिव्ह बासचा आवाज भरीव असतो, पण जॅकमध्ये पिन राहिली की ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते, आणि ऐन कार्यक्रमात तालुक्याच्या गावी ती शोधत फिरणं परवडत नाही. म्हणून पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा. यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे आणि जे बिघडतं ते दोन ॲलन की, एक स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरगनवर दुरुस्त होतं.

आता नेक. चार तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास असतो आणि तो पेलायला नेकमध्ये ट्रस रॉड नावाची सळई असते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक होते, लाकूड पाणी सोडतं. या बासचा नेक उन्हाळ्यात सरळ होत गेला, रिलीफ (नेकचा हलका बाक) ०.१ मिमीवर आला आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारा झरझरू लागल्या. जुलैत उलट झालं: रिलीफ ०.५ मिमी, तारा उंच, आठव्या-नवव्या फ्रेटवर बोट दाबायला जोर. प्रत्येक लाकूड आपल्या परीनं वागतं, त्यामुळे तुमच्या बासचे आकडे वेगळे येतील. मोजूनच बघा.

मोजायचं असं. बास सुरात लावा आणि वाजवायच्या स्थितीत धरा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जोडतो तिथं, साधारण १७ व्या फ्रेटवर, दाबा. मग आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या पोटाखाली किती फट आहे ते बघा. त्यासाठी गिटारच्या दुकानातली महाग हत्यारं नकोत. मोटारसायकलचं टॅपेट सेट करायची फीलर गेज ऑटो पार्ट्सच्या कोणत्याही दुकानात मिळते. ०.३० मिमीची पाती अलगद सरकली, तारेला उचलत नसली, की झालं. फट जास्त असेल तर ट्रस रॉडच्या टोकाची नट घड्याळाच्या दिशेनं, कमी असेल तर उलट. एका वेळी फार तर पाव वळण, आणि आवळण्याआधी ई आणि ए तार दोन सूर ढिली करा. परत सुरात लावून रात्रभर थांबा, मगच पुन्हा मोजा. लगेच दुसरं पाव वळण देऊ नका, लाकूड हळू सरकतं. नट हाताला दगडासारखी लागली तर तिथंच सोडून द्या आणि जाणत्याला दाखवा. कीचा माप नेमका हवा. ४ मिमी, ५ मिमी आणि ३/१६ इंच असे तीन प्रकार चालतात आणि सैल की घातली की षटकोन गोल होतो. मग त्या नेकचं काही खरं नाही.

झरझर कुठं येते त्यावरून कारण कळतं. पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर रिलीफ कमी. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमध्ये तार टेकते तो तुकडा) खाली बसलंय. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. फक्त उघड्या तारेवर असेल तर नटाची खाच खोल गेली आहे. आधी रिलीफ, मग तारेची उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं). हा क्रम उलटा केला की तेच काम तीनदा करावं लागतं. १७ व्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिमी आणि जी तारेखाली २ मिमी ही या बासला जमलेली उंची. जोरात ठोकून वाजवणाऱ्यानं अर्धा मिमी वाढवावा. इंटोनेशन नव्या तारांवरच करा: बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागं, उतरा असेल तर पुढं.

उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेटची टोकं. लाकूड रुंदीला आक्रसतं, धातू आहे तेवढाच राहतो. नेकच्या कडेवरून तळहात फिरवला की करवतीसारखं लागतं. लगेच कानस मारू नका. बॅगेत ओलसर स्पंजाची डबी (झाकणाला भोकं पाडून, पाणी गळणार नाही अशी) ठेवून दोन-तीन आठवडे जाऊ द्या, बराच फरक पडतो. त्यानंतरही जे टोचतं तेवढंच बारीक कानशीनं, फिंगरबोर्डला चिकटपट्टी लावून, तिरकं घासा. ऐनाचं लाकूड तेल पितं. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा लेमन ऑइलचा हलका हात पुरे, पाच मिनिटांत पुसून काढायचं.

कूलरबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे घरोघरी तो असतो. कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेला बास रात्री दमट आणि दिवसा कोरडा होत राहतो आणि सूर रोज हलतो. त्याच खोलीत ठेवा, पण बॅगेत आणि झोतापासून दूर. बंद टेम्पोत, पत्र्याखाली किंवा ताडपत्रीखाली दुपारी बास ठेवणं हे सगळ्यात वाईट. तापलेल्या जोडाचा गोंद नरम पडतो आणि ताण मात्र तसाच असतो. एसी हॉलमधून उघड्या मैदानात आलात तर अर्धा तास बॅगेची चेन उघडून ठेवा, मगच ट्यूनर लावा.

मांडवातल्या घरघरीकडे येऊ. सिंगल कॉइलमध्ये ती दोन प्रकारची येते. एक जाड घुमघुम, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरच्या चुंबकीय क्षेत्रातून. आपण फिरून उभं राहिलो की कमी-जास्त होते. दुसरी बारीक झर्र, एलईडी माळा आणि डिमरमुळे. तारांना हात लावला की दबते. आतून तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग केलं तर दुसरी जाते, पहिलीवर त्याचा उपयोग नाही. शील्डिंग करताना पिकअपचे दोन्ही कप्पे आणि कंट्रोलचा कप्पा एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले हवेत. मल्टिमीटरवर १ ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे.

पहिल्या घरघरीवर जॅझ बासमध्येच उपाय आहे. दोन पिकअपची गुंडाळी आणि चुंबक उलट असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघडे ठेवले की घुमघुम एकमेकांना कापते. अडचण ही की तेव्हा मधला आवाज पोकळ होतो आणि ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड यांच्या गर्दीत बास हरवतो. बहुतेकजण मग ब्रिजकडचा व्हॉल्यूम सातवर आणतात आणि घरघर परत येते. त्याऐवजी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि ब्रिज पिकअप स्क्रूनं दीड-दोन मिमी खाली घ्या. तारेचा आवाज अंतरानं कमी होतो, पण घरघर तारेतून येत नाही, ती हवेतून थेट कॉइलमध्ये येते. म्हणून कापणं तसंच राहतं आणि पुढच्या, नेककडच्या पिकअपचं पोट आवाजात येतं. या बासवर केलेला सगळ्यात फायद्याचा बदल हाच, आणि तो फुकट आहे.

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९ हर्ट्झ. गाणारा पांढरी पाचमध्ये (षड्ज म्हणजे जी) असेल तर बासचा षड्ज आणि घरघर यांच्यात सेकंदाला एक हेलकावा येतो. उघडी जी तार ९८ आणि घरघरीचा दुसरा सूर १००, तिथं दोन हेलकावे. पुष्कळांना वाटतं बास बेसूर आहे, आणि ते खुंट्या पिळत बसतात. जनरेटरवर तर लोड पडला की वारंवारता खाली सरकते आणि हेलकावा बदलतो. ट्यूनरवर विश्वास ठेवा, घरघर कमी करा.

मांडवात तारांमधून झटका बसणं ही मात्र जिवावरची गोष्ट आहे. तारा ब्रिजमार्फत ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. ॲम्प एका फेजवर, मिक्सर दुसऱ्या लाइनवर आणि अर्थिंग नावापुरतं असलं की तारांवर बोटं आणि माइकला ओठ, असा रस्ता पूर्ण होतो. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर साऊंडवाल्याला थांबवा आणि दोन्ही एकाच बोर्डवरून घ्यायला लावा. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कापणारे भेटतात. ते कधीही करू देऊ नका, भाऊ. घरघरीसाठी डीआय बॉक्सवरचा (बासचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्ट दाबा, त्यानं ॲम्पचं अर्थिंग तुटत नाही.

वाजवायला कसा? आपल्याकडे गाणारे काळी एक, काळी चार, काळी पाच मागतात. काळी एकच्या (सी शार्पच्या) बिलावलात, म्हणजे शुद्ध स्वरांत, ई, ए, डी, जी यातला एकही सूर नाही, म्हणजे उघडी तार मिळतच नाही आणि डाव्या हाताला सुट्टी नाही. तिथं ३८ मिमीचा निमुळता नेक मनापासून आवडला. प्रिसिजनच्या रुंद नेकवर लांब कार्यक्रमात मनगट बोलायला लागतं. पाच तारांचा बास घ्यावा का, असं पुष्कळजण विचारतात. काळी एकचा खालचा षड्ज बी तारेवर दुसऱ्या फ्रेटला ३४.६ हर्ट्झवर मिळतो, पण मांडवातले बहुतेक स्पीकर तो सूर धड देतच नाहीत. चार तारांवर त्याच्या एक सप्तक वरचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटला ६९.३ हर्ट्झवर स्वच्छ ऐकू येतो. माझ्या मते चार पुरेशा आहेत.

तारा .०४५ ते .१०५ इंच जाडीच्या. निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेनं गुंडाळलेल्या) आधी लावल्या. लग्नसराईतल्या घामानं त्यांची चमक पटकन गेली. प्रत्येक गाण्याच्या जत्थ्यानंतर कोरड्या सुती कापडानं तारेच्या खालूनही पुसलं तर त्या बऱ्याच टिकतात. कानबाईच्या आणि अहिराणी गाण्यांच्या सहा मात्रांच्या ठेक्याला फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या) उत्तम. सूर आखूड, गोल आणि ढोलकीच्या धुमेला (खर्जाच्या बाजूला) आडवा येत नाही. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर आखूड सूर द्या, बाकी जागा धुमेच्या घसीटीला सोडा. फ्लॅटवाउंड लावल्यावर ताण बदलतो, रिलीफ परत मोजावा लागतो.

बारीकसारीक झीज: पावसाळ्यात सॅडलचे १.५ मिमी ॲलन कीचे स्क्रू गंजू लागले, तेलाचा थेंब पुरला. कंपनानं खाली उतरणाऱ्या सॅडल स्क्रूला नेलपॉलिशचा ठिपका लावा. धुळीनं व्हॉल्यूम खरखरतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. जॅकची नट ढिली झाली तर आतून जॅक धरून आवळा, नाहीतर आतली वायर पिळून तुटते. वजन चार किलोच्या वर आहे, तीन इंची पट्टा घ्या. रंग आणि फिनिश ठीक.

जुना घ्यायचा असेल तर आधी ट्रस रॉडला हात घाला. मालकासमोर नट दोन्ही बाजूंना थोडी फिरवून बघा, तारेखालची फट बदलते का ते फीलर गेजनं तपासा. नट फिरत नसेल किंवा फिरूनही फट तशीच राहत असेल, तर पिकअप कितीही नावाजलेले असोत, तो बास घेऊ नका.