पोस्टग्रेसवर नजर ठेवायला काय लावावं: झॅबिक्स, प्रोमिथियस, पीएमएम की विकतची सेवा?

पोस्टग्रेस या डेटाबेसचे दोन-तीन सर्व्हर आहेत, टीममध्ये स्वतंत्र डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) नाही आणि मॉनिटरिंगसाठी काहीतरी लावायचं ठरलं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. पर्याय पुष्कळ आहेत, पण गाडी अडते ती चार ठिकाणी: झॅबिक्स, प्रोमिथियस-ग्राफानाची जोडी, पर्कोना कंपनीचं पीएमएम (पर्कोना मॉनिटरिंग अँड मॅनेजमेंट), आणि पीजीॲनालाइझ किंवा डेटाडॉगसारखी पैसे भरून घ्यायची सेवा.

टूलला आपण दोन प्रश्न विचारणार असतो. सर्व्हर धड आहे ना, हा पहिला. धड नसेल तर नेमकी कोणती क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) त्याला दमवते आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ही चारही देतात. निवड दुसऱ्यावर करा, असं माझं स्पष्ट मत आहे. सीपीयू ९५ टक्क्यांवर गेल्याचं कळलं तरी दुरुस्ती कुठे करायची ते त्यातून कळत नाही.

टूलच्या आधीचं काम

कुठलंही टूल घ्या, ते शेवटी पोस्टग्रेसनेच मोजून ठेवलेल्या आकड्यांवर चालतं. म्हणून पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन आधी चालू करा. त्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. ऐन गोंधळात ते जमत नाही, तेव्हा पुढच्या ठरलेल्या मेन्टेनन्सलाच उरकून घ्या. प्रत्येक प्रकारची क्वेरी किती वेळा चालली, तिने एकूण किती वेळ खाल्ला, हे त्यातून दिसतं. पण हे आकडे मागच्या रीसेटपासूनची बेरीज असतात. काल दुपारी दोन ते सव्वादोन काय झालं, हे नुसत्या बेरजेतून निघत नाही. ठरावीक वेळाने नोंद घेऊन वजाबाकी करणारं कोणीतरी लागतं, आणि टूलची खरी गरज तिथे आहे.

संथ क्वेरी लॉगमध्ये लिहिण्याची सोय मुळात बंद असते. सुरुवातीला एक सेकंदाची मर्यादा घालून ती चालू करा, लॉक-वेट्सचं (एक क्वेरी दुसरीपायी अडून राहते त्याचं) लॉगिंगही करा. हा लॉग वाचून पीजीबॅजर एचटीएमएल अहवाल काढतो. पर्लमध्ये लिहिलेला, फुकट, आणि बसवायला अर्धा तासही लागत नाही. एकच सर्व्हर असेल तर रोज सकाळचा हा अहवाल आणि डिस्कचा एक अलर्ट एवढ्यावर बराच काळ निभावतं. मॉनिटरिंगच्या युजरला मात्र सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला) करू नका. आवृत्ती १० पासून त्यासाठी पीजी-मॉनिटर नावाचा रोल (अधिकारांचा तयार संच) आहे.

झॅबिक्स आणि प्रोमिथियस

झॅबिक्स लॅटव्हियातल्या रीगाचं, २००१ पासून लोकांच्या हातात आहे. नेटवर्क स्विच, यूपीएस, विंडोज सर्व्हर आणि डेटाबेस हे सगळं एकाच पडद्यावर हवं असेल तर त्याला तोड नाही. पोस्टग्रेसचं तयार टेम्पलेट मिळतं. कनेक्शन, रेप्लिकेशन लॅग (प्रत-सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या किती मागे आहे), कॅश हिट (डिस्कऐवजी मेमरीतून किती वाचलं) हे सगळं त्यात येतं. क्वेरीच्या पातळीवर उतरायचं झालं की मात्र स्वतः एसक्यूएल लिहून जोडत बसावं लागतं. शिवाय झॅबिक्स आपली माहिती स्वतःच एका डेटाबेसमध्ये ठेवतो. तो डेटाबेस, ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच सर्व्हरवर ठेवलेला मी पाहिला आहे. असं करू नका, दोन्ही एकदमच बंद पडतात.

प्रोमिथियसचा जन्म २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये झाला. ते स्वतः जाऊन आकडे ओढून आणतं, पोस्टग्रेस-एक्स्पोर्टर ते आकडे पुढे ठेवतो आणि ग्राफाना रेखाटतो. याचं मोठं बळ अलर्टमध्ये आहे. ‘डिस्क ९० टक्के भरली’ यापेक्षा ‘याच वेगाने भरत राहिली तर चार तासांत संपेल’ हे सांगणारा अलर्ट कितीतरी उपयोगी, आणि तो इथे एका ओळीत लिहिता येतो. झॅबिक्समध्येही हे जमतं, पण प्रोमिथियसमध्ये नियम फाइलीत राहतात, गिटमध्ये ठेवता येतात, आणि कोणी कधी काय बदललं ते दिसतं.

दोन खाचखळगे सांगतो. प्रोमिथियस मुळात फक्त १५ दिवसांची माहिती ठेवतं. पगार किंवा बिलिंगसारखं महिनाअखेरीचं काम असेल तर मागच्या महिनाअखेरीशी तुलनाच करता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मुदत वाढवा. दुसरा खळगा क्वेरींचा. प्रत्येक क्वेरीला आकड्यांची वेगळी मालिका दिली की मेमरी फुगत जाते, त्यामुळे एक्स्पोर्टरमधला तो भाग मुळात बंदच असतो. थोडक्यात, इथेही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पीजीबॅजरकडेच मागावं लागतं.

पीएमएम

पर्कोनाने ही उणीव ओळखून ग्राफाना, आकड्यांसाठी व्हिक्टोरियामेट्रिक्स आणि क्वेरींसाठी क्लिकहाउस असं सगळं एका डॉकर कंटेनरमध्ये बांधून दिलं आहे. त्यातल्या क्वेरी ॲनालिटिक्समध्ये वेळ निवडायची, की त्या वेळात कोणत्या क्वेरीने किती भार टाकला त्याची उतरती यादी समोर येते. कालच्या सव्वादोनचा प्रश्न इथे दोन क्लिकमध्ये सुटतो. मायएसक्यूएल आणि मोंगोडीबीसुद्धा त्याच पडद्यावर येतात. त्यामुळे वर्डप्रेस मायएसक्यूएलवर आणि ॲप पोस्टग्रेसवर असेल तर फारच सोयीचं. याला वेगळं, बऱ्यापैकी मेमरीचं मशीन द्यावं लागतं आणि त्याचे अपडेट आपल्यालाच करावे लागतात. माझ्या मते हा खर्च वसूल होतो.

विकतच्या सेवा

पीजीॲनालाइझ पोस्टग्रेसपुरतंच काम करतं, आणि ते खोलात जाऊन. कुठे इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) हवा ते सुचवतं, प्लॅन (क्वेरी चालवायची पोस्टग्रेसने आखलेली रीत) बदलला तर दाखवतं. डेटाडॉग ॲपमधल्या रिक्वेस्टपासून थेट क्वेरीपर्यंत माग काढून देतं. टीमकडे वेळ नसेल आणि ग्राहकाशी अपटाइमचा करार असेल तर पैसे जरूर भरा. पण आधी एक गोष्ट तपासा: बाहेर काय जातं आहे? क्वेरीच्या साच्यातून मूल्यं काढलेली असतात, पण लॉगच्या ओळींत आणि प्लॅनच्या नमुन्यांत ग्राहकांची नावं, खातेक्रमांक तसेच राहू शकतात. ते गाळण्याची सोय असते. ती चालू करा आणि खरंच गाळलं जातंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून ही जबाबदारी झटकता येणार नाही.

ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर असाल तर मशीनमध्ये शिरून एजंट बसवता येत नाही. तिथे आधी त्यांचंच डेटाबेस इनसाइट्स वापरून बघा, मग बाकीचं.

अलर्ट कशाचे लावायचे

टूलच्या चर्चेत हा भाग मागे पडतो, आणि रात्री फोन वाजतो तो याच्याचमुळे. आमच्या एका ग्राहकाकडे जुना रेप्लिका (मुख्य सर्व्हरची चालती प्रत) बंद केला, पण मुख्य सर्व्हरवरचा त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (ती प्रत कुठवर पोहोचली याची नोंद) काढायचा राहिला. रेप्लिका परत येईल या भरवशावर पोस्टग्रेस वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या) साठवत राहिला आणि रविवारी रात्री डिस्क भरली. सीपीयू, मेमरी, कनेक्शन सगळे आलेख तोपर्यंत शांत होते. स्लॉटचा आलेखच आम्ही लावला नव्हता. आवृत्ती १३ पासून या साठ्यावर मर्यादा घालता येते, पण मुळात ती घातलेली नसते.

दुसरा अलर्ट ट्रान्झॅक्शन आयडीच्या (डेटा बदलणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या क्रमांकाच्या) वयाचा. हा आयडी ३२ बिटांचा आहे आणि व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) मागे पडलं तर सुमारे दोन अब्जांच्या हद्दीआधीच डेटाबेस नवीन लिखाण थांबवतो. ॲपमधल्या चुका टिपणारी सेवा सेंट्री २०१५ मध्ये आणि मेलचिंपची ईमेल सेवा मँड्रिल २०१९ मध्ये यातच अडकल्या होत्या. हे वय हळूहळू वाढतं, म्हणजे वेळेवर अलर्ट असेल तर पुष्कळ दिवस हाताशी असतात.

तिसरा अलर्ट ट्रान्झॅक्शन उघडून नुसत्या बसून राहिलेल्या कनेक्शनचा. चौथा शेवटच्या यशस्वी बॅकअपला किती तास झाले याचा. ३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने घ्यायचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हते, आणि ते फसल्याचे ईमेल परस्पर नाकारले जात होते. म्हणून ‘बॅकअप फसला तर कळव’ असा नियम पुरत नाही, ‘२६ तासांत बॅकअप झाल्याची खबर आली नाही तर कळव’ असा लिहावा लागतो.

मग घ्यायचं काय?

प्रोमिथियस आधीच चालू असेल तर एक्स्पोर्टर आणि पीजीबॅजर जोडा, नवं काही आणू नका. पाटी कोरी असेल तर पीएमएम. ऑफिसभर झॅबिक्स असेल तर ते राहू द्या, डेटाबेसपुरतं शेजारी पीएमएम उभं करा.

पक्कं करण्याआधी टेस्ट सर्व्हरवर एक प्रयोग मात्र करा. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या पीजीबेंच या चाचणीच्या साधनाने भार टाका, एका सेशनमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून पीजीबेंचच्याच एका टेबलची एक ओळ बदला आणि तसंच सोडून द्या, दुसऱ्यात त्याच टेबलवर ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी आज्ञा) चालवा. भार तिथेच तुंबेल. मग ज्याला यातलं काही माहीत नाही अशा सहकाऱ्याला बोलवून विचारा की वाट कोणी अडवली आहे. त्याला ते सेशन सापडायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा, आणि तेवढ्या वेळात अलर्ट ज्याच्याकडे जायला हवा त्याचा फोन वाजला का, तेही बघा.