वेस्टर्ली सेंटॉर: पन्नाशीची बोट घ्यावी का?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच शिडाची बोट घेऊ पाहणाऱ्या कुणालाही मी सेंटॉर घ्या असंच सांगेन. अट एकच. आधी कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं जड पातं बघा, मग किंमत विचारा.

वेस्टर्ली या इंग्लिश बोटकंपनीने ही बोट 1969 ते 1980 या काळात बांधली. जवळपास अडीच हजार सेंटॉर पाण्यात उतरल्या. आराखडा लॉरेंट जाइल्स या बोटींच्या आराखडाकारांच्या कचेरीचा, कारखाना हॅम्पशायरमधल्या वॉटरलूव्हिलचा. लांबी 26 फूट, रुंदी साधारण साडेआठ, वजन तीन टन. पाण्याखाली मात्र फक्त 3 फूट, कारण मधोमध एक खोल कील असण्याऐवजी दोन बाजूंना दोन आखूड कील आहेत. ओहोटी लागली की बोट चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. दाभोळच्या खाडीत ओहोटीला कलंडलेल्या, टेकू लावलेल्या होड्या बघत मी वाढले, त्यामुळे पहिल्यांदा सेंटॉर चिखलात ताठ उभी बघितली तेव्हाच ती माझ्या मनात भरली.

या दोन पायांमुळेच ती परवडते. चिचेस्टर हार्बर या खाडीच्या काठावरच्या एम्सवर्थला ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या जागेचं भाडं मरीनाच्या, म्हणजे बोटींच्या सोयीसुविधांच्या धक्क्याच्या मानाने फारच कमी आहे. शेवटपर्यंत माझ्या यादीत काँटेसा 26 ही दुसरी शिडाची बोट पण होती. ती देखणी, समुद्रात भक्कम, वाऱ्यावरही सेंटॉरपेक्षा सरस. पण आत वाकून वावरावं लागतं, आणि एकाच लांब कीलची असल्यामुळे ओहोटीला कलंडते. सेंटॉरमध्ये माझा नवरा ताठ उभा राहून चहा करतो. कागदावर सहा जणांची झोपायची सोय आहे, सुखाने झोपतात चौघं.

आता कील. बोट कोरड्यावर उभी असते तेव्हा सगळं वजन दोन्ही कीलांमधून तळावर येतं. कील बाहेरच्या बाजूला किंचित फाकलेल्या असल्याने तळाला पीळ बसतो. सुरुवातीच्या बोटींत आतून पुरेसा आधार दिलेला नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीने कीलच्या मुळाशी फायबरला भेगा पडतात आणि बोल्टांपाशी पाणी शिरतं. यावर उपाय आहे आणि तो पक्का आहे: आतून कीलच्या वर फायबरच्या आडव्या-उभ्या पट्ट्या चढवून तळ ताठ करायचा, बोल्टांखाली मोठ्या प्लेटी द्यायच्या. विकणाऱ्याने हे काम झालंय असं नुसतं तोंडी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. बिल मागा, फोटो मागा, खालच्या फळ्या उचलून स्वतः बघा. बोट क्रेनच्या पट्ट्यांत टांगलेली असताना दोन्ही हातांनी कील बाजूला ढकलून बघायला सर्व्हेअरला, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला सांगा. आम्ही बघितलेल्या एका बोटीचा रंग चकचकीत होता, आत नवीन गाद्या होत्या, पण सर्व्हेअरने ढकलताच डावी कील हलली. आम्ही तिथूनच परत फिरलो. नंतर घेतली ती बोट दिसायला मळकट आणि किमतीला जास्त होती, पण तिच्या आधीच्या मालकाने तळाचं काम करून घेतलं होतं आणि त्याचा प्रत्येक कागद जपून ठेवला होता. वेस्टर्ली ओनर्स असोसिएशनचं सभासद व्हा, बोट घेण्याआधीच व्हा. या एका विषयावर तिथे अनुभवी माणसं भेटतात.

कील धड असेल तर बाकीचं सगळं आपल्या हाताने होण्यासारखं आहे. म्हणूनच मी या बोटीच्या इतकी प्रेमात आहे. त्या काळी फायबर जाड घालायचे, त्यामुळे सांगाडा दणकट आहे. बिघडतं ते त्याला जोडलेलं.

सगळ्यात कंटाळवाणं काम छताचं. छताला फोम लावलेलं रेक्झिन चिकटवलेलं असतं. त्या फोमची पिवळी भुकटी होते आणि रेक्झिन डोक्यावर लोंबायला लागतं. ते ओढलं की निघतं, पण खाली राहिलेली चिकट भुकटी ताठ ब्रशने घासून काढायला चांगला मास्क आणि भरपूर शनिवार-रविवार लागतात. खिडक्या गळतात; सेंटॉर बघायला जाल तेव्हा गाद्यांच्या कडा चाचपून बघा. ॲल्युमिनियमच्या चौकटी उतरवून, जुना मसाला खरवडून, ब्यूटिल रबराची चिकट टेप लावून परत बसवल्या की गळती थांबते. डोलकाठीला धरून ठेवणारे स्टीलच्या तारांचे ताण आम्ही सगळेच बदलले. त्यांचं वय कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि विमा कंपनीही तेच विचारते.

तळाच्या कॉकांकडे, म्हणजे तळातल्या भोकांतून येणारं-जाणारं पाणी बंद करायच्या तोट्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त झिजतं आणि उरतं ते ठिसूळ तांबं. कॉक कानशीने जरासा घासा. पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी निघाला तर बदला. बोटीतल्या स्वस्त भागांपैकी हा एक आणि बोट बुडवू शकणाराही हाच.

आमच्या बोटीचं इंजिन मूळचं आहे, व्होल्वो पेन्टा एमडी टू बी, दोन सिलिंडरचं, 25 अश्वशक्तीचं. जड आहे, आवाज फार करतं, आणि थंड ठेवायला समुद्राचं खारं पाणीच त्याच्या पोटातून फिरत असल्याने आतून गंजतं. पण सिलिंडरमधला दाब सोडणारे डीकॉम्प्रेशनचे खटके उचलून हँडल मारलं की बॅटरीशिवायही सुरू होतं, आणि समुद्रावर मला त्याचा फार आधार वाटतो. सुटे भाग महाग पडतात. ते संपेल तेव्हा बीटा कंपनीचं नवं इंजिन बसवायचं आम्ही ठरवलंय. बरेच सेंटॉरवाले तेच करतात. फक्त नव्या इंजिनाची किंमत जुन्या बोटीपेक्षा जास्त असू शकते, हे घेतानाच हिशेबात धरा. चालत्या स्थितीतली सेंटॉर तीन-चार हजार पौंडांत मिळते आणि पहिल्या वर्षी तेवढेच पैसे परत तिच्यावर लागतात.

चालायला कशी? वाऱ्याच्या तोंडावर ही बोट नाखूष असते. एका कीलची बोट दोन वळणांत जिथे पोचते तिथे हिला तीन-चार लागतात. वारा पडला की खोळंबते. चांगला वारा बाजूने असेल तर पाच नॉट (ताशी पाच सागरी मैल) सहज, आणि कलते फार कमी, म्हणून माझ्या सासूबाईही बिनघोर बसतात. नांगरावर असताना चिखलात टेकण्याच्या आधी थोडा वेळ तळाखाली कीलांच्या मधे लाटा थपथप आदळतात. झोप हलकी असेल तर त्रास होईल.

एक गोष्ट जागेबद्दल. चिचेस्टर हार्बरच्या तोंडावर वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उथळ पट्टा आहे. दक्षिणेचा जोराचा वारा आणि त्यात ओहोटी असेल तर तिथे लाटा फुटतात आणि उथळ बोट म्हणून आपल्याला काही सवलत मिळत नाही. आम्ही अशा दिवशी निघत नाही. उलट भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असण्याचे दिवस आणि मऊ वारा असला की वाइट बेटावरचं बेंब्रिज हा सोपा पल्ला आहे. तिथलं बंदर ओहोटीला कोरडं पडतं, दोन कीलांच्या बोटी वाळूवर ओळीने उभ्या राहतात आणि मुलं शिडीने थेट वाळूत उतरतात. फक्त परतीची भरती किती वाजता आहे ते आधी तक्त्यात बघून घ्या, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम तिथेच.