चाइल्ड स्कॅट 6: फॉर्म फुकट, पण मराठी पोरांसाठी थोडी मशागत हवी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर लेदर बॉल हेल्मेटवर आदळला किंवा कबड्डीत डोक्याला डोकं लागलं, की ठरलेला प्रश्न: "बोटं किती?" उत्तर बरोबर, पोरगं परत आत. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का, असं पकडता येत नाही. 2023 साली आलेला चाइल्ड स्कॅट 6 हा मुलांच्या कन्कशनच्या तपासणीचा फॉर्म त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. वयोगट 8 ते 12, वेळ 10 ते 15 मिनिटं, आणि भरायचा डॉक्टरने किंवा प्रशिक्षित फिजिओनेच. कोचसाठी सीआरटी 6 हा वेगळा, सोपा कागद आहे.

सगळ्यात जमलेला भाग म्हणजे लक्षणांची यादी. ती मुलाला वेगळी आणि पालकांना वेगळी विचारतात, गुण 0 ते 3. मॅच बुडेल म्हणून पोरगं "काही दुखत नाही" म्हणतं. आई सांगते, सकाळपासून चिडचिड चाललीय. मोठ्यांना महिने उलटे म्हणायला लावतात, इथे वार. दहा वर्षांच्या मुलाला हेच झेपतं.

खरी अडचण भाषेची. फॉर्ममध्ये स्मरणशक्ती तपासायला दहा इंग्रजी शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. 'पेनी', 'वॅगन' हे शब्द सातपूरच्या मराठी शाळेतल्या मुलाला आठवले नाहीत, तर दोष मेंदूचा नाही, शब्दच अनोळखी. मराठी यादी करताना 'चादर', 'साखर', 'आरसा' असे घरातले, पण एकमेकांशी संबंध नसलेले शब्द घ्यावेत. 'बोट' नको, हाताचं की पाण्यातलं, इथेच गाडी अडते. उलट क्रमाने म्हणायला लावायचे आकडे सेकंदाला एक या गतीने सुटे वाचायचे: "पाच, दोन". "बावन्न" म्हटलंत की मूल "पंचवीस" म्हणून मोकळं होतं. ती वेगळीच परीक्षा झाली. यादी बदलली की छापील सरासरीशी तुलना संपली. मग मुलाचीच दुखापतीआधीची, धडधाकट असतानाची नोंद कामाची, तीही त्याच भाषेतली. भाषा कोणती ते फॉर्मच्या वरच लिहा.

ही आधीची नोंद सक्तीची नाही. घ्यायचीच तर दरवर्षी नवी घ्या, या वयात स्मरणशक्ती झपाट्याने वाढते. प्रॅक्टिस संपल्या संपल्या, घामाघूम मुलांची रांग लावून घेतली तर ती वाया गेलीच म्हणा: मूल दमलेलं असतं, आणि मागच्या चौघांनी दहाही शब्द ऐकलेले असतात. बंद खोली हवी. शब्द किमान 5 मिनिटांनी पुन्हा विचारणार, हे आधी सांगायचं नाही. तोल पाहायला 3 मीटरची पट्टी फरशीवर चिकटवा, मॅटवर नको.

आठच्या आतल्या मुलांसाठी इम्पॅक्ट पेडिॲट्रिक ही चाचणी आहे: 5 ते 11 वर्षं, आयपॅडवर, खेळासारखी. पण ती पैसे मोजून घ्यायची, आणि तिचीही सरासरी अमेरिकन मुलांची.

दोन्हींत पास-नापास नाही. गुण चांगले आले तरी संशय असेल तर त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलट्या, मानदुखी, झटका किंवा वाढती गुंगी दिसली तर फॉर्म बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.