कांजी सुटी शिकायची की शब्दांतून?

जपानी शिकताना हिरागाना-काताकाना या उच्चारांच्या लिप्या झाल्या, पहिल्या शंभरेक कांजी, म्हणजे अर्थ दाखवणारी चिन्हं, ओळखीच्या झाल्या, की पुढे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे कांजी सुटी घ्यायची आणि अर्थ, ओन्योमी (चिनीतून आलेला उच्चार), कुन्योमी (मूळ जपानी उच्चार), रेघांचा क्रम असं सगळं तिला एकटीला धरून घोटायचं. दुसरी म्हणजे शब्दच पाठ करायचे आणि कांजी त्यांच्यातून येईल तशी येऊ द्यायची. मी दोन्हीकडे बऱ्यापैकी वेळ घालवलाय, त्यामुळे दोघींबद्दल जरा आपुलकी आहे. एकीबद्दल थोडी जास्त.

सुट्या अभ्यासाचा मोठा फायदा म्हणजे डोळा तयार होतो. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणं, ‘मोत्सु’ म्हणजे हातात धरणं. दोन्ही कांजींत उजवीकडे ‘देऊळ’, रेघाही नऊ-नऊ, आणि उच्चारही एकमेकांच्या अंगावर पडणारे. डावीकडे हात असेल तर मोत्सु, चालण्याची खूण असेल तर मात्सु, हे एकदा सुटं करून बघितलं की गोंधळ संपतो. शब्दांच्या वाटेने जाणारा इथे बरेच दिवस ठेचकाळतो.

भागांवरून उच्चारही कधीकधी हाती लागतो. ‘निळा’ या कांजीला डावीकडे सूर्य जोडला तर निरभ्र आकाश, पाणी जोडलं तर निर्मळ, बोलणं जोडलं तर विनंती, आणि तिघींची ओन्योमी ‘सेई’च. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा फार भारी वाटतं. मात्र परीक्षेत यावर फार विसंबू नये. वरच्या देवळाचंच बघा, मोत्सुच्या कांजीची ओन्योमी ‘जी’, पण मात्सुच्या कांजीची ‘ताई’.

आठवडाभर जपानला फिरायला जाणार असाल तर सुटी कांजी, तीही नुसत्या अर्थापुरती, पुरेशी आहे. ‘बाहेर’ आणि ‘तोंड’ ओळखता आलं की स्टेशनातून बाहेर पडता येतं. त्या पाटीला ‘देगुची’ म्हणतात हे माहीत नसलं तरी चालतं.

माझं मन फिरलं ते फ्लॅशकार्डांमुळे, म्हणजे पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा ॲपमधल्या कार्डांमुळे. ‘आलं’ दाबलेलं कार्ड त्यात उशिरा परत येतं, ‘नाही आलं’ दाबलेलं लगेच. जन्म, जीवन, कच्चं, ताजं या अर्थांची पाच रेघांची एक कांजी आहे. सुट्या पद्धतीत कार्डाच्या पुढच्या बाजूला ती एकटी बसलेली. उलटलं की मागे सेई, श्यो, इकिरु, उमारेरु, हाएरु, नामा, की, शिवाय अजून काही. समजा मला पाच आठवली, तीन नाहीत. आता ‘आलं’ दाबू की ‘नाही आलं’? ‘आलं’ म्हटलं तर राहिलेली तीन महिनाभर तोंड दाखवत नाहीत. ‘नाही’ म्हटलं तर येणारी पाच उद्या पुन्हा हजर. कुठलंही बटण दाबा, थोडं खोटंच. ऐकायला किरकोळ वाटेल, पण रोज सकाळी अशा पन्नास कार्डांशी हुज्जत घालून बघा.

शब्दांच्या कार्डात ही भानगड नाही. ‘गाकुसेई’ विद्यार्थी, ‘तान्ज्योबी’ वाढदिवस, ‘उमारेरु’ जन्मणं, ‘नामाबीरु’ म्हणजे ड्राफ्ट बीअर. एक कार्ड, एक उत्तर, आलं किंवा नाही आलं. आपण ‘चार’ आणि ‘चाक’ मधला च वेगवेगळा म्हणतो, पण त्यासाठी च च्या उच्चारांची यादी कोणी पाठ केली होती? तसंच आहे हे.

शिवाय यादी पाठ असूनही वाचताना अडतंच. ‘ते’ (हात) आणि ‘कामी’ (कागद) जोडले की पत्राला ‘तेगामी’ म्हणायचं. ‘निचियोबी’, म्हणजे रविवार, यात एकच कांजी दोनदा येते, सुरुवातीला ‘निचि’ आणि शेवटी ‘बी’. आणि ‘आता’ व ‘दिवस’ शेजारी आले की होतं ‘क्यो’, आज. त्याचे तुकडे पाडून या कांजीला इतका, त्या कांजीला तितका, असं वाटून देता येत नाही. हे शब्द म्हणूनच डोक्यात बसतात.

‘जपानी मुलंही सुट्या कांजीच गिरवतात’ हा मुद्दा हमखास येतो. गिरवतात, पहिलीत ८० आणि सहावीपर्यंत १,०२६. पण त्या मुलाच्या तोंडात ‘उमारेरु’ आधीपासून असतो, शाळेत त्याला फक्त त्या शब्दाचं लेखी रूप मिळतं. आपल्याकडे शब्दच नसतो.

शब्दांच्या वाटेवर एक गोष्ट खरंच खटकते. आकडा सांगता येत नाही. जोयो यादीतल्या, म्हणजे रोजच्या वापराच्या कांजींच्या सरकारी यादीतल्या, २,१३६ पैकी किती झाल्या, असं कुणी विचारलं की आपण घुटमळतो, आणि सुटी शिकणारा ऐटीत सांगून मोकळा होतो. पण जेएलपीटीने, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या जपानी भाषेच्या परीक्षेने, २०१० पासून कांजींची अधिकृत यादी देणं बंद केलंय आणि त्या परीक्षेत हाताने एक रेघही काढावी लागत नाही, पर्यायच निवडायचे असतात. कानकेन ही खास कांजींची परीक्षा द्यायची असेल किंवा हस्ताक्षराची हौस असेल, तर अर्थात वही काढून सुट्या कांजी गिरवायला पर्याय नाही, आणि तिथे माझं ऐकू नका.

ज्यांची चित्रं लक्षात राहतात त्यांना कदाचित उलटं जमेल. मी सध्या असं करतो: कार्डावर छोटं वाक्य, त्यात नवा शब्द एकच. एखादी कांजी तिसऱ्या शब्दात भेटली की मगच कोश उघडून तिची बाकीची वाचनं बघतो, पाठ करत नाही. मात्सु-मोत्सुसारखी जोडी सारखी फसवायला लागली तर तेवढ्यापुरत्या दोघी शेजारी-शेजारी लिहून डावी बाजू ताडून बघतो. डिसेंबरात जेएलपीटीची एन४ ही खालून दुसरी पातळी द्यायची असेल तर निदान एक धडा असा करून बघा, आणि फ्लॅशकार्डांमध्ये सुट्या कांजींचा गठ्ठा आधीच असेल तर तो पुसू नका, नुसता थांबवून ठेवा.